राहून गेलेले वर्ष : माध्यमिक शिक्षण आणि समाजसेवा



स्मृतिव्याख्यानाचा विषय निवडण्याची मोकळीक आपण मला दिलीत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मी आयुष्यभर मराठी भाषा आणि वाङ्मय शिकवले. तेव्हा एखाद्या काव्यग्रंथावर मी बोलेन, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक होते. परंतु हे व्याख्यान शाळेचे आहे, महाविद्यालयाचे नाही. आणि हायस्कूलच्या शिक्षणातील एक प्रश्न मला पुष्कळ दिवस सतावीत आला आहे. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी गावासाठी काही काम करावे आणि ते त्यांच्या शिक्षणाचाच भाग मानले जावे, ही कल्पना आपल्याकडे निदान शंभर वर्षे जुनी आहे. थोरामोठ्यांनी ती उचलून धरली, आयोगांनी तिच्यावर शिफारशी लिहिल्या. असे असूनही ती हायस्कुलात का रुजली नाही, आणि जिथे रुजली तिथे कशामुळे रुजली, याचा मागोवा आज घ्यावयाचा आहे.

भाषेच्या अभ्यासकाला इतिहासात शब्दांच्या दारातून शिरणे सोपे जाते. दुसऱ्यासाठी केलेल्या कामाला मराठीत चार शब्द आहेत आणि चारही निरनिराळे आहेत. ‘सेवा’ हा भक्तीच्या प्रांतातला शब्द. देवाची, गुरूची, आईवडिलांची सेवा. ‘चाकरी’त वेतन आहे आणि धनी आहे. ‘वेठ’ म्हणजे राजसत्तेने किंवा गावच्या मातबराने मोबदला न देता करवून घेतलेले काम. वेठीला धरलेल्या माणसाची संमती कोणी विचारीत नसे, आणि कोणत्या घरांनी वेठीला जायचे हे जातीने बव्हंशी ठरवून टाकलेले असे. चौथा शब्द ‘श्रमदान’. तो नवा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात, भूदानाच्या आणि सामूहिक विकास योजनेच्या दिवसांत तो घरोघरी पोचला. शाळेने मुलांकडून गावाचे काम करून घ्यायचे म्हटले की त्या कामाला यांपैकी कोणता शब्द लागू पडेल, हा प्रश्न उभा राहतो. फलकावर ‘श्रमदान’ लिहिले म्हणून आत वेठ नसेलच, असे नाही.

बऱ्हाणपूर हे या चर्चेसाठी एका अर्थाने योग्य ठिकाण आहे. फारुकी सुलतानांच्या खानदेशाची ही राजधानी. पुढे मोगल, मराठे आणि शिंदे यांच्या अमलानंतर १८६० च्या सुमारास हे गाव इंग्रजांकडे आले आणि मध्यप्रांताच्या निमाड जिल्ह्यात गेले. भुसावळच्या वाटेवरचे रावेर मुंबई इलाख्यात आणि बऱ्हाणपूर मध्यप्रांतात, अशी शेजारी गावांची वाटणी झाली. १९५६ साली नागपूर-वऱ्हाडचे मराठी जिल्हे मुंबई राज्याला मिळाले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. त्यामुळे येथील मराठी माणसाचे एक कान पुणे-साताऱ्याकडे आणि दुसरे वर्धा-नागपूरकडे लागलेले असत. आजच्या विषयात हे दोन्ही प्रवाह आहेत, आणि ते दोन्ही येथून फार दूर वाहत नव्हते.

आरंभ पुण्यापासून केला पाहिजे. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. टिळक आणि मग आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा असताना अल्प वेतनावर शाळेला आयुष्य वाहून घेणारा पदवीधर हा त्या काळचा नवा मनुष्य होता. पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या साऱ्या त्यागात सेवा शिक्षकाची होती. विद्यार्थी ती घेणारा होता. त्याने चांगला अभ्यास करावा, पुढे देशाच्या उपयोगी पडावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. ‘पुढे’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण आपल्या शिक्षणाने सेवेला नेहमी ‘पुढे’ ढकलले, असे मला वाटते, आणि त्याची सुरुवात इतकी मागे जाते.

विद्यार्थी स्वतः राबू लागला तो साताऱ्यास. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. मुले पाणी भरीत, स्वयंपाक करीत, शेतात राबत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आज इतकी प्रसिद्ध आहे की तिच्या मुळाशी असलेली टंचाई आपण विसरतो. वसतिगृहात धान्य नसताना लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा त्यासाठी दिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ज्या घरात अशी वेळ येते तिथे काम हा संस्काराचा तास नसतो. मुलांनी काम केले नाही तर संध्याकाळी भाकरी कमी पडत असे. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल याच पायावर उभे राहिले: फी नाही, राहण्याचा खर्च नाही, त्या बदल्यात श्रम. याला समाजसेवा म्हणावे काय, अशी शंका कोणी काढील. ते स्वावलंबन होते, हे खरे. परंतु थोरल्या मुलाने भरलेल्या पाण्यावर धाकटा आंघोळ करीत होता आणि तो धाकटा कोणत्या जातीचा हे विचारण्याची तिथे सोय नव्हती. साताऱ्यातल्या स्वावलंबनाने जे साधले ते पुष्कळ ठिकाणच्या समाजसेवेला साधलेले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे, खानदेशातले. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालय त्यांनी सांभाळले. मुलांच्या खोल्या झाडणे, इतस्ततः टाकलेले कपडे धुऊन घड्या घालून ठेवणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे ही कामे गुरुजी न बोलता करीत. काही दिवसांनी लाज वाटून मुलेच ती करू लागत. येथे कोणताही नियम नव्हता, हजेरी नव्हती. भाऊरावांच्या शाळेत गरजेने जे केले ते अमळनेरात एका माणसाच्या वागण्याने केले. या दुसऱ्या मार्गाची मर्यादा उघड आहे: १९३० साली गुरुजी सत्याग्रहात गेले आणि तो शिक्षक पुन्हा त्या शाळेत आला नाही. प्रत्येक हायस्कूलला साने गुरुजी मिळणार नाहीत, म्हणून तर व्यवस्था लागते. आणि व्यवस्था आली की गुरुजी हरवतात. हा पेच मला अजून सुटलेला नाही.

व्यवस्थेचा पहिला मोठा आराखडा आपल्या प्रांतातच तयार झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल दिला. सात ते चौदा वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, आणि शिक्षकाचा पगार मुलांच्या उत्पादनातून निघेल इतके स्वावलंबी, असे त्या योजनेचे स्वरूप होते. मध्यप्रांताचे तेव्हाचे शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ योजना पुढे केली: खेड्यातल्या शाळेला दानाने जमीन मिळावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी.

या योजनेचे गोडवे पुष्कळ गायले गेले आहेत, म्हणून मी तिच्यावरील आक्षेपांकडे अधिक लक्ष देतो. ते बऱ्हाणपुरात बसून वाचले म्हणजे वेगळेच दिसतात. वर्ध्याच्या परिषदेतच अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी स्वावलंबनाच्या कलमाला विरोध केला. सरकारी शाळांत फुकटच्या कच्च्या मालावर, फुकटच्या श्रमावर तयार झालेला माल बाजारात आला तर पोटासाठी तोच धंदा करणाऱ्या कारागिराने कुठे जायचे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. आपल्या गावात तर शतकानुशतके कापड विणले जाते. ज्या मोमिनाच्या घरात मूल उभे राहू लागताच मागाचा खडखडाट ऐकते, त्याला शाळेत सूतकताई शिकवून श्रमप्रतिष्ठा शिकवण्यात काय हशील? त्याला श्रम ठाऊक होते. त्याला हवे होते पुस्तक. दलित वस्तीतल्या बापाचा प्रश्नही हाच होता: पिढ्यान्‌पिढ्या झाडू हातात होता, तो सुटावा म्हणून मुलाला शाळेत घातले, तिथेही त्याच्या हातात झाडूच द्यायचा असेल तर शाळा कशाला?

दुसरा आक्षेप शब्दाचा होता. ‘विद्यामंदिर’ या नावातील ‘मंदिर’ मुसलमान पालकांना खटकले. मध्यप्रांतात त्यावरून मोठा वाद झाला आणि मुस्लिम लीगच्या १९३८ च्या पीरपूर अहवालात त्याची तक्रार नमूद झाली. मराठी-हिंदी कानाला ‘विद्यामंदिर’ हा शाळेचा साधा पर्याय वाटतो. आपण तो विचार न करता वापरतो. लीगने त्या तक्रारीचे राजकारण केले हे खरे. तरीही मला वाटते की ज्या गावात जामा मशिदीच्या भिंतीवर अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरलेला आहे, त्या गावच्या माणसाला असा शब्द निवडण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारावे, एवढे सुचायला हरकत नव्हती. ज्यांच्यासाठी सेवा करायची त्यांना न विचारता तिचे नावही ठरवू नये.

वर्ध्याच्या कल्पनेला हायस्कुलाच्या वयापर्यंत नेण्याचे काम सेवाग्रामात झाले. जानेवारी १९४५ च्या परिषदेत नई तालीम पूर्व-बुनियादीपासून प्रौढशिक्षणापर्यंत विस्तारली आणि चौदा वर्षांपुढील मुलांसाठी ‘उत्तर बुनियादी’ हा टप्पा आला. आर्यनायकम् दांपत्य आणि पुढे काही वर्षे मार्जरी साइक्स यांच्या देखरेखीखाली तेथील मुलेमुली सफाई, स्वयंपाकघर, शेती आणि वस्त्र या चार गोष्टी स्वतः चालवीत. मला त्यातील स्वयंपाकघराचे विशेष आकर्षण आहे. आळीपाळीने मुले त्याचा कारभार पाहत: महिन्याचा शिधा किती, माणशी खर्च किती, भाजी शेतातून किती आली, कोणत्या अन्नातून शरीराला काय मिळते. गणित, आरोग्यशास्त्र आणि शेती ही तिन्ही पुस्तके त्या एका चुलीजवळ उघडली जात. हिशेब चुकला तर शिक्षकाच्या लाल शाईने नव्हे, महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी रिकाम्या डब्याने कळे. आणि सफाईचे काम सगळ्यांच्या वाट्याला येत असल्यामुळे मघाच्या दलित बापाच्या प्रश्नाला तिथे निदान एक उत्तर मिळत होते.

मग ही शाळा का वाढली नाही? अनेक कारणे सांगतात. मला सर्वांत निर्णायक वाटते ते अगदी रुक्ष कारण: उत्तर बुनियादीच्या प्रमाणपत्राला विद्यापीठांनी मॅट्रिकची किंमत दिली नाही. मुलगा कितीही शहाणा झाला तरी महाविद्यालयाच्या दारात त्याला थांबावे लागे. आईबाप तत्त्वासाठी एक मूल देतील, दोन देणार नाहीत.

आता या इतिहासातल्या त्या प्रकरणाकडे येतो, जे मला सर्वाधिक महत्त्वाचे वाटते आणि ज्याचा उल्लेख मराठीत फारसा आढळत नाही. स्वातंत्र्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेने विद्यार्थ्यांच्या सामाजिक व श्रमसेवेवर भर दिला, श्रमशिबिरे निघाली. १९५८ साली पंडित नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून पदवीपूर्वी समाजसेवा आवश्यक करण्याची कल्पना मांडली. तिचा ठोस आराखडा करण्यासाठी २८ ऑगस्ट १९५९ रोजी एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडणारे बाणेदार गृहस्थ, एवढे सर्वांना ठाऊक आहे. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले होते आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली होती, हेही जुन्या मास्तरांच्या तोंडी असे. पण सनदी नोकरीतली त्यांची सुमारे दोन दशके आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात गेली, याची आठवण फार थोड्यांना असते. प्रांताच्या सचिवालयात अर्थखात्याचे काम त्यांनी पाहिले होते. या प्रांतातली खेडी, त्यांतल्या शाळा आणि त्या शाळांच्या वाट्याला येणारा पैसा यांची माहिती त्यांना कागदावरून घ्यावी लागणारी नव्हती. १९५९ साली ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. म्हणजे उच्च शिक्षणाची तिजोरी ज्यांच्या हाती, त्यांच्याकडेच हा प्रश्न सोपवला गेला.

देशमुख समितीची शिफारस धीट होती. हायस्कूल पूर्ण करून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी आणि ती सक्तीची असावी. त्या काळात काही लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण यांचा समावेश असावा. क्षणभर कल्पना करा: मॅट्रिकचा निकाल लागला, आणि वकिलाचा मुलगा, केळीबागाइतदाराचा मुलगा, मागवाल्याचा मुलगा एकाच छावणीत एक वर्ष राहताहेत. लष्करी कवायत आणि समाजसेवा यांची एकत्र मोट बांधणे मला स्वतःला पटत नाही. हुकूम पाळणे आणि दुसऱ्याची गरज ओळखणे ही दोन वेगळी शिक्षणे आहेत. परंतु समितीने एक गोष्ट अचूक हेरली होती. सेवेची जागा हायस्कूल आणि महाविद्यालय यांच्या सांध्यावर आहे. तिथे मूल पुरेसे मोठे झालेले असते आणि अजून धंद्याच्या मापात कापले गेलेले नसते. तसेच, महाविद्यालयात जाणाऱ्यावरच ही अट होती. जो शाळा सोडून आधीच मागावर किंवा शेतात राबत होता, त्याला आणखी राबायला बोलावलेले नव्हते. के. टी. शहांच्या आक्षेपातला न्याय्य भाग, जाणता-अजाणता, येथे मान्य झालेला दिसतो.

खर्च आणि अंमलबजावणीतील अडचणी यांमुळे सरकारने शिफारस स्वीकारली नाही. ज्यांनी देशाचे अंदाजपत्रक मांडले होते त्यांचाच आराखडा परवडत नाही म्हणून बाजूला पडावा, यातला विरोधाभास चिंतामणरावांना जाणवला असेलच. १९६० साली के. जी. सय्यदैन यांनी इतर देशांतल्या अशा योजनांचा अभ्यास करून अहवाल दिला. त्यांचा कल ऐच्छिक सेवेकडे होता. सक्तीचे ते वर्ष राहून गेले ते कायमचे.

पुढचा इतिहास आपल्यापैकी अनेकांच्या आयुष्यातला आहे, म्हणून तो भरभर सांगतो. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजऱ्याकडचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतले. आयोगाने सेवा सर्व टप्प्यांवर आवश्यक मानली आणि तिचे दिवसही मोजून दिले: कनिष्ठ माध्यमिक टप्प्यात एकूण तीस, उच्च माध्यमिकमध्ये वीस, पदवीपर्यंत साठ. वर्षाचे दिवस झाले. त्यांतलेही अमलात आले ते मुख्यतः शेवटचे: २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली, म्हणजे महाविद्यालयात. १९७३ च्या दुष्काळात तिचे विद्यार्थी कामाला लागले, हे तिच्या नावावर निश्चित जमा आहे. अकरावी-बारावीपर्यंत ती यायला १९८५ उजाडले. आणि दहावीपर्यंतच्या मुलांना काय मिळाले? १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हा विषय दिला. कल्पना चांगली होती, गावाची सेवा तिच्यात अभिप्रेत होती. शाळाशाळांत ती मेणबत्त्या, खडू आणि कागदी फुले यांवर येऊन थांबली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘काही उपयुक्त तास वाया’ असा अर्थ मुलांनी लावला आणि तो देशभर पसरला. मुलांचे विनोद हे शिक्षणखात्याच्या तपासणी अहवालांपेक्षा पुष्कळदा विश्वासार्ह असतात.

महाराष्ट्रात शालान्त परीक्षेच्या गुणपत्रकावर समाजसेवेला श्रेणी मिळू लागली. अशा विषयाच्या वह्या मी एकदा एका परिचित शिक्षकाच्या घरी पाहिल्या होत्या; चाळीस मुलांनी त्याच दिवशी तेच झाड लावले होते आणि चाळीसही वह्यांत त्या झाडाचे वर्णन त्याच तीन वाक्यांत होते. शिक्षक हुशार होते, त्यांना दोष देता येणार नाही. श्रेणी द्यायची, तर पुरावा हवा. पुरावा हवा, तर वही हवी. आणि वही भरायला झाडाची गरज नाही.

हे दुखणे केवळ आपले नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने १९९२ साली शालेय पदवीसाठी ७५ तासांची सेवा अनिवार्य केली. राज्यपातळीवर तिथे हे प्रथमच घडले. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने १९९९ पासून ४० तास ठरवले. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावच्या हायस्कुलांत ६० तासांचा नियम झाला तेव्हा काही पालक न्यायालयात गेले. त्यांचा युक्तिवाद मराठी माणसाने ऐकण्यासारखा आहे: अमेरिकेच्या राज्यघटनेतील तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरीबरोबर सक्तीचे श्रमही बंद केले, मग शाळेला ते मुलांकडून घेण्याचा अधिकार कसा? आपल्या शब्दांत सांगायचे तर, ही वेठ आहे. १९९३ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने हा दावा फेटाळला. शैक्षणिक हेतूने ठेवलेली अशी अट म्हणजे गुलामगिरी नव्हे, असा निर्णय झाला, आणि कायदा म्हणून तो बरोबरच आहे. गुलामाच्या वंशजांनी भोगलेल्या यातनांची तुलना साठ तासांशी करणे औचित्याला सोडून होते. पण ‘सक्तीची सेवा’ या शब्दप्रयोगातला काटा न्यायनिवाड्याने निघत नाही.

भारतात केंद्रीय माध्यमिक मंडळाने २०१८ पासून नववी ते बारावीच्या शारीरिक शिक्षणात सेवेचा उपक्रम जोडला, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे जाण्याची सूचना केली. वर्षाचे तीस दिवस झाले होते. आता दहा, आणि तेही हायस्कुलाच्या आधीच्या वर्गांना. दहा दिवसही वाईट नाहीत. मात्र बऱ्हाणपुरातली मुले कारागिराकडे जाणार म्हणजे पुष्कळदा वर्गमित्राच्याच घरी जाणार. त्या मित्राने त्या दहा दिवसांत कुठे जावे, याचाही कोणी विचार करावा.

या सगळ्या उदाहरणांत मला एक फरक दिसतो. साताऱ्यात पाणी भरले नाही तर आंघोळ होत नव्हती. सेवाग्रामात स्वयंपाक झाला नाही तर सगळे उपाशी राहत. अमळनेरात आजारी मुलाजवळ कोणी बसले नाही तर तो एकटा पडत होता. ते काम झाले की नाही हे विचारायला निरीक्षक लागत नव्हता. आणि जिथे काम मोजण्यासाठी म्हणून शोधून काढले, तिथे मोजणी राहिली, काम गेले. सक्ती आणि स्वेच्छा हा वाद मला म्हणूनच दुय्यम वाटतो. भाऊरावांच्या बोर्डिंगात काम सक्तीचेच होते, त्याला कोणी वेठ म्हटले नाही.

तेव्हा प्रश्न असा होतो की या गावात, या शाळेच्या मुलांनी केले नाही तर होणारच नाही, असे काम कोणते? मला एक सुचते. अब्दुर्रहीम खानखानान येथे सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, शहराला पाणी देण्यासाठी जमिनीखालून कालवे खोदले गेले. सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी अडवून, कुंड्यांच्या रांगेतून, कोणत्याही यंत्राशिवाय केवळ उताराने ते शहरात येते. चारशे वर्षांपूर्वीच्या या कुंडी भंडाऱ्याचे नाव मार्च २०२४ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले आणि आपल्याला अभिमान वाटला. अभिमानाने भुयारातले चुन्याचे थर निघत नाहीत. भोवतालच्या कूपनलिकांनी भूजल खाली गेले तर यादीतले नाव पाणी देणार नाही. याच जिल्ह्याने जुलै २०२२ मध्ये देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा होण्याचा मान मिळवला. २५४ गावांच्या ग्रामसभांनी घरोघरी नळ आल्याचे ठराव करून दिले. ते नळ ज्या भूजलावर आणि नद्यांवर अवलंबून आहेत त्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणारा माणूस मात्र प्रत्येक मोहल्ल्यात असत नाही. नियमित, कंटाळवाणी आणि चिकाटीची नोंद हे काम अधिकारी बदलत राहतो म्हणून त्याच्याकडून होत नाही, आणि संशोधक दोन महिन्यांनी परत जातो. शाळा मात्र जागची हलत नाही, आणि दरवर्षी तिच्यात नवी नववी येते.

माझी शाळेला विनंती आहे की नववीच्या वर्गाने महिन्यातून एकदा गावातल्या ठरावीक विहिरींची, आणि संबंधित खात्याने परवानगी दिली तर भंडाऱ्याच्या दोन-तीन कुंड्यांची पाण्याची पातळी मोजावी. त्यासाठी गाठी मारलेला दोर, मोजपट्टी आणि एक जाड बांधणीची वही पुरे. भूगोलाच्या शिक्षकांनी पावसाचे आकडे द्यावेत, गणिताच्या शिक्षकांनी आलेख काढून घ्यावेत. गुण देऊ नयेत. दोर सोडण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने यावी, आडनाव पाहून नव्हे. विहीर ज्यांच्या अंगणात आहे त्यांना आधी जाऊन विचारावे आणि दरवर्षी मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली असते तेव्हा, त्या वर्षाचे आकडे त्यांच्याच मोहल्ल्यात वाचून दाखवावेत. वही दहावीत जाणाऱ्या वर्गाने पुढच्या नववीच्या हाती द्यावी. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी जुन्या विहिरी आहेत, त्यांनी व्याख्यान संपल्यावर मुख्याध्यापकांकडे नावे नोंदवली तर येत्या पावसाळ्याआधीच आरंभ करता येईल. रकान्यांची शीर्षके मराठीत लिहावीत की हिंदीत, उर्दूत की गुजरातीत, हे मोजणाऱ्या मुलांनी आपसांत बसून ठरवावे. माझ्या मते चारही भाषांत लिहिण्याइतकी जागा पहिल्या पानावर होईल.